मलई की हिरवट राखी? भिंतीसाठी दोन रंगांतून एक निवडताना

पाऊस ओसरतो, गणपती होतात आणि बडोद्यातल्या रंगाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जेमतेम वीस दिवस मिळतात आणि तेवढ्यात अर्ध्या गावाला भिंती रंगवून हव्या असतात. तोवर घरात शेड कार्ड सगळ्यांच्या हातांतून फिरलेलं असतं, ढीगभर रंगांतून दोन उरलेले असतात आणि त्या दोनांवरून घरात दोन पक्ष पडलेले असतात. शेवटी कोणीतरी कंटाळून म्हणतं, "दोन्ही चांगलेच आहेत, कुठलाही लावा."

मला हे वाक्य पटत नाही. दोन चांगल्या रंगांपैकी एक त्या खोलीत खुलतो आणि दुसरा तिथे मरगळतो, असंच बहुतेक वेळा होतं. शेड कार्डावर मात्र ते कळत नाही. खोलीत येणाऱ्या उजेडातला जो भाग भिंत परत फेकते, तो आपल्याला रंग म्हणून दिसतो. उजेड बदलला की रंग बदलतो. त्यामुळे दोन्ही रंग आपल्या खोलीत, आपल्या वेळांना ताडून पाहावे लागतात. हे काम तीन-चार दिवसांत, थोड्या खर्चात होतं. ते कसं करायचं ते इथे सविस्तर लिहिते.

सोयीसाठी दोन रंग आणि दोन खोल्या समोर ठेवू. पहिला रंग मलई, म्हणजे पिवळसर झाक असलेला फिकट पांढरा. दुसरा हिरवट राखी, म्हणजे राखाडीत थोडा हिरवा मिसळलेला, मलईपेक्षा अंमळ गडद. पहिली खोली दांडिया बाजारातल्या जुन्या घराची मधली खोली: बोळाकडे उघडणारी एकच खिडकी, समोर शेजाऱ्यांची गुलाबी भिंत, पायाखाली कोटा फरशी, सागवानी दारं आणि मधोमध झोपाळा. दुसरी खोली मांजलपूरच्या फ्लॅटमधला हॉल: पश्चिमेला मोठी सरकती काच, खाली चकचकीत पांढरट टाइल्स, छताला एलईडी दिवे. बडोद्यातली बरीच मराठी घरं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

शेड कार्ड उघडण्याआधी खोली वाचा

एक कागद घ्या आणि खोलीबद्दल पाच गोष्टी लिहा: खिडक्यांच्या दिशा, खिडकीबाहेर समोर काय आहे, फरशीचा रंग, दिवे कोणते, आणि तुम्ही त्या खोलीत खरोखर कधी बसता. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोघंही नोकरीला जाणारं घर असेल तर हॉल सकाळी तासभर आणि रात्री तीन-चार तास वापरला जातो. अशा घरात दुपारी दोनच्या उन्हात रंग सुंदर दिसतो की नाही, याला फारसा अर्थ नाही. घरात आजी-आजोबा असतील, तर मात्र दुपारच त्यांची असते.

दिशा अंदाजाने लिहू नका. फोनमधलं होकायंत्र काढा. जुन्या वस्तीत घरं रस्त्याच्या वळणाने बांधलेली असतात आणि "आमची खिडकी उत्तरेची" असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेली खिडकी वायव्येची निघते. वायव्येच्या खिडकीतून उन्हाळ्यात संध्याकाळी तिरपं ऊन थेट आत येतं, म्हणजे रंगाच्या दृष्टीने तिला पश्चिमेचीच समजायला हवं.

बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं आत येत नाही. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास, सर्वांत उंच असतानाही, क्षितिजापासून ४४ अंशांवरच असतो. खिडकीचा माथा जमिनीपासून ७ फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर त्या वेळी ऊन खोलीत जवळपास ७ फूट आत पोचतं. आपण रंग पारखतो ऑक्टोबरमध्ये, दोन्हींच्या मधल्या उजेडात. म्हणून दक्षिणेची खिडकी असेल तर मनात धरून चाला की हिवाळ्यात खोली आतापेक्षा अधिक पिवळी आणि अधिक उजळ दिसणार, आणि उन्हाळ्यात शांत.

उत्तरेचा उजेड आकाशाचा असतो, थोडा निळसर आणि दिवसभर बराचसा एकसारखा. पूर्वेचा सकाळी पिवळा आणि दुपारनंतर थंड. पश्चिमेचा दुपारी चारपर्यंत बिनरंगी आणि मग एकदम केशरी. मे महिन्यात बडोद्यात पश्चिमेच्या हॉलमध्ये बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता बाहेरची समोरची भिंत पाहा. जुन्या घरांमध्ये सगळ्यांत जास्त फसवणूक तीच करते. बोळ अरुंद असला की खिडकीतून आकाश दिसतच नाही. दिसते शेजाऱ्याची भिंत, आणि तुमच्या खोलीत येणारा उजेड तिच्यावर आपटून येतो. भिंत गुलाबी असेल तर तुमचा उजेडही गुलाबी. खिडकीसमोर कडुनिंब असेल तर हिरवा. फरशी हेच काम खालून करते. कोटा फरशी हिरवट-निळसर राखाडी असते आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर स्वतःची झाक टाकते.

दोन्ही रंगांचं कूळ ओळखा

फिकट रंगाच्या पोटात एक दुसरा रंग लपलेला असतो. मलईत पिवळा असतो, कधी गुलाबी, कधी हिरवा. राखाडीत निळा, जांभळा किंवा हिरवा. रंगारी "यात पिवळा टोन आहे" म्हणतात ते हेच. भिंतीवर चार दिवसांनी जो नकोसा वाटू लागतो तो बहुतेक वेळा हा आतला रंग असतो, म्हणून तो आधीच बाहेर काढलेला बरा.

त्यासाठी तीन साध्या गोष्टी करा. शेड कार्डाचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. पांढऱ्याशेजारी आतला रंग लगेच उघडा पडतो. मग दुकानातल्या मोठ्या पंख्यासारख्या कार्डात तुमच्या रंगाची पट्टी शोधा आणि त्या पट्टीतला सर्वांत गडद रंग पाहा. बऱ्याच पट्ट्यांत फिकट रंग त्याच कुळातले असतात. खालचा रंग मोहरीसारखा पिवळा असेल, तर वरची फिकट मलईही मनातून मोहरीच आहे. शेवटी तुमचे दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवा. शेजारी आल्यावर एकमेकांतला फरक ठळक होतो: मलई अधिक पिवळी दिसते, राखी अधिक हिरवी.

हे तिसरं पाऊल फक्त ओळख पटवण्यापुरतंच आहे. निर्णय घेताना दोन रंग चिकटवून ठेवायचे नाहीत. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाची प्रसिद्ध विणकामशाळा होती आणि तिथल्या रंगखात्याचा प्रमुख होता मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. काळा धागा हवा तेवढा काळा दिसत नाही, अशा तक्रारी त्याच्याकडे येत. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका दिसत होता. शेजारचा रंग आपल्या डोळ्यातला रंग बदलतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. आपल्या कामाला तो असा लागू पडतो: मलई आणि हिरवट राखी शेजारी लावल्या की दोन्ही खोट्या दिसतात, कारण खोलीत त्या कधीच शेजारी नसणार. तिथे एकच असणार आणि तिच्या शेजारी असणार सागवान, कोटा फरशी आणि सोफ्याचं कापड.

उजळपणाचा आकडा

रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला किती भाग परत फेकतो, याचा एक आकडा असतो. त्याला एलआरव्ही म्हणतात. शुद्ध काळ्याचा ०, आदर्श पांढऱ्याचा १००. काही कंपन्या हा आकडा रंगाच्या माहितीत देतात, दुकानदाराला विचारा. नाही मिळाला, तर दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून एकच फोटो काढा आणि तो फोनमध्ये कृष्णधवल करा. कोण किती उजळ, ते ढोबळपणे कळतं.

धरून चालू की मलईचा आकडा ७० आहे आणि हिरवट राखीचा ५०. वाटतं, फरक वीसच तर आहे. पण खोलीतला उजेड एका भिंतीवर आपटून थांबत नाही. तो पलीकडच्या भिंतीवर जातो, तिथून तिसरीवर. पहिल्या आपटीनंतर मलईवरून १०० तले ७० उरतात, दुसरीनंतर ४९, तिसरीनंतर सुमारे ३४. राखीवरून ५०, मग २५, मग साडेबारा. तिसऱ्या आपटीला मलईकडे राखीच्या पावणेतीनपट उजेड शिल्लक आहे. खिडकीपासून लांबचा कोपरा अशाच दोन-तीनदा आपटून आलेल्या उजेडावर जगतो. म्हणून एका खिडकीच्या मधल्या खोलीत हा फरक फार मोठा असतो आणि मोठ्या काचेच्या हॉलमध्ये जाणवतही नाही.

याच कारणाने चारही भिंतींवर गेलेला रंग शेड कार्डापेक्षा गडद आणि भडक वाटतो. प्रत्येक आपटीला उजेड भिंतीचा रंग थोडा-थोडा उचलत जातो आणि पिवळी मलई स्वतःच्याच उजेडात अधिक पिवळी होते. कार्डावर जेमतेम आवडलेला रंग भिंतीवर "जरा जास्त झाला" वाटतो तो यामुळे. दोन छटांमध्ये अडला असाल तर फिकट आणि थोडी राखाडीकडे झुकणारी छटा घ्या, असं मी सांगेन.

अंधारी खोली म्हणजे पांढराच रंग, असं मात्र नाही. दांडिया बाजारातच तांबेकर वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. तिथे उभं राहिलं की पटतं, कमी उजेडाची खोली गडद रंगांनीही श्रीमंत दिसू शकते. पण ती पाहायची खोली आहे. जिथे मुलं अभ्यास करतात आणि आई गहू निवडते, त्या खोलीला उजेड हवाच.

नमुना फळी: इथे कंजूषी नको

शेड कार्डाचा तुकडा काडेपेटीएवढा असतो. त्यावरून भिंत ठरवू नका. दुकानातून दोन्ही रंगांचे सर्वांत लहान डबे मशीनवर बनवून घ्या. काही कंपन्यांचे नमुन्यासाठी वेगळे छोटे डबेही मिळतात. घेताना दोन्ही एकाच फिनिशचे घ्या. एक मॅट आणि एक चकचकीत घेतला, तर तुलना रंगांची न राहता चकाकीची होते.

फळीसाठी सनबोर्ड उत्तम. पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळतो आणि हलका असतो. प्लायचा उरलेला तुकडा किंवा जाड पुठ्ठाही चालतो. प्रत्येक रंगासाठी दोन फळ्या करा, प्रत्येक निदान २ फूट बाय २ फूट. आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन हात, आणि तेही घरात जे वापरलं जाणार आहे त्यानेच: रोलर तर रोलर, ब्रश तर ब्रश. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, साधारण चार तास. कडेने दोन बोटं पांढरी पट्टी राखा. फळीमागे रंगाचा नंबर आणि फिनिश लिहा.

मग रात्रभर थांबा. ओला इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) बहुधा फिकट दिसतो आणि वाळला की गडद होतो. संध्याकाळी ओली फळी पाहून "हा नको, फार पांढरा आहे" म्हणणारी माणसं सकाळी गप्प होतात.

प्रत्येक रंगाच्या दोन फळ्या कशाला? एक भिंतीला सपाट टेकवायला, आणि दोन्ही मिळून कोपरा करायला. दोन्ही फळ्या काटकोनात उभ्या करून त्यांच्या आत पाहा. तिथे रंग स्वतःवर आपटतो आणि चार भिंतींवर गेल्यावर जो खोलपणा येणार आहे त्याचा अंदाज मिळतो. फळ्या करायला वेळच नसेल तर बुटाचा खोका आतून रंगवा आणि तोंड खिडकीकडे करून आत डोकवा. दिसायला गमतीचं, पण मोठ्या फळीइतकंच खरं सांगतं.

आता जुन्या भिंतीचं काय? आधीचा रंग गर्द गुलाबी किंवा निळा असेल, तर फळी कितीही चांगली असो, तिच्यावर त्या भिंतींचा उजेड पडत राहतो. फळीमागे पांढरी चादर टांगली तर थोडी मदत होते. पण खरा उपाय वेगळा आहे आणि तो फार थोडे लोक करतात: पुट्टी आणि प्रायमर होऊन सगळी खोली पांढरी झाली की एक दिवस काम थांबवा. रंगाऱ्याशी आधीच बोलून ठेवा: "काका, प्रायमरनंतर एक दिवस सोडा, मग रंगाचा पहिला हात मारा." त्या दिवशी खोली जितकं खरं बोलते तितकं पुन्हा कधी बोलत नाही. तोवर दोन्ही नमुने तयार ठेवा आणि मोठ्या रंगाची ऑर्डर त्या दिवसानंतरच द्या.

भिंतीवर थेट पट्टे मारून पाहायचे असतील तर तेही प्रायमरवरच, आणि नंतर पट्ट्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. नाहीतर तिरप्या उजेडात त्या कडा रंगाखालून वर्षानुवर्षं दिसत राहतात.

चार वेळा, दोन जागा

खोलीत दोन जागा ठरवा: खिडकीसमोरची भिंत आणि खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत. दुसरी लोक विसरतात. खिडकीच्या भिंतीवर थेट उजेड पडत नाही, शिवाय शेजारच्या प्रखर खिडकीमुळे ती डोळ्याला आणखी काळवंडलेली दिसते. खोलीतला सर्वांत गडद रंग तिथेच दिसणार.

एका वेळी एकच रंग लावा. मलई ठेवा, पाच मिनिटं त्या खोलीत नेहमीचं काहीतरी करा, पेपर वाचा, चहा घ्या, मग फळीकडे पाहा. नंतर ती उचलून बाहेर ठेवा आणि राखी आणा. पाहताना फळी उभी असू द्या. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या फळीवर उजेड वरून पडतो आणि ती भिंतीपेक्षा उजळ दिसते.

हे सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री दिवे लावल्यावर करा. प्रत्येक वेळी प्रत्येक रंगासाठी एकच शब्द लिहा. "छान" आणि "बरा" लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "मळका", "पिवळा", "आजारी", "शांत", "मातकट", "ताजा" असं लिहा. दोन दिवस तरी करा. शक्य झाल्यास त्यातला एक ढगाळ असू द्या, कारण बडोद्यात पावसाळ्याचे जवळजवळ चार महिने खोली ढगाळ उजेडातच असते.

दिव्याशिवाय निर्णय नाही

इथे मी जरा आग्रही आहे. घरात रंगावर हजारो रुपये खर्च होतात आणि तो रोज रात्री ज्या बल्बखाली दिसतो त्याकडे कोणी पाहत नाही.

बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्याकडे घरोघर असलेल्या ट्यूबलाइटसारखा. ६५०० च्या दिव्याखाली मलई फिकुटते आणि तिच्यात हिरवट मळकेपणा येतो. तोच बल्ब हिरवट राखीला थंड पण स्वच्छ ठेवतो. ३००० च्या दिव्याखाली उलट होतं. मलई उबदार होते आणि राखीतला हिरवा मरून ती मातकट दिसू लागते.

खोक्यावर आणखी एक आकडा शोधा, सीआरआय. त्या दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचं ते माप आहे. जास्तीत जास्त १००. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात. ९० किंवा वरचा मिळाला तर घ्या. दोन रंग दिवसा सारखे आणि रात्री वेगळे दिसणं, हाही दिव्यांचाच खेळ. पडद्याचं कापड भिंतीशी जुळवणार असाल तर ते दुकानातल्या दिव्याखाली मुळीच जुळवू नका. बाजारातून कापड आणत असाल तर वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी, फळीशेजारी, रात्री पाहा.

दिवे बदलायचे असतील तर ते आधी बदला, मग रंग ठरवा.

जे हलणार नाही, त्याला फळी दाखवा

पडदे आणि उशांचे अभ्रे बदलता येतात. फरशी, दारं, खिडक्यांच्या चौकटी, स्वयंपाकघराचा ओटा आणि बहुतेक घरांत सोफा हे बदलत नाहीत. फळी सागवानी दाराला टेकवा. सागवान केशरी-तपकिरी असतं आणि त्याच्या शेजारी हिरवट रंग अधिक हिरवा दिसतो, शेव्रलने सांगितलं तसंच. काहींना तो ताजेपणा आवडतो, काहींना खुपतो. फळी फरशीवर उभी ठेवून सांधा पाहा. कोटा फरशीशी हिरवट राखी सख्ख्या बहिणींसारखी जुळते. मलई मात्र तिच्याशेजारी कधी उबदार, कधी नुसती पिवळी. देवघर त्याच खोलीत असेल तर समईच्या काजळीचाही विचार करा. त्या भिंतीला धुता येणारा फिनिश घ्या, रंग कोणताही असो.

फोटोंबद्दल एवढंच: फोन प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा अंदाज स्वतः बांधतो आणि रंग सरकवतो. पुण्याच्या आत्याला किंवा अमेरिकेतल्या मुलाला फोटो पाठवून मतदान घेऊ नका. पाठवायचाच असेल तर दोन्ही फळ्या आणि एक कोरा कागद एकाच फोटोत घ्या, आणि मत प्रेमाने ऐकून घ्या.

आता ठरवा

कागदावर निदान सोळा शब्द जमले असतील. बहुतेक लोक त्यातला सर्वांत सुंदर क्षण पकडतात: "सकाळी काय दिसत होता!" मी उलट करते. प्रत्येक रंगाची सर्वांत वाईट वेळ शोधते आणि ज्याची वाईट वेळ सुसह्य तो रंग घेते. सुंदर क्षण दिवसात थोडाच वेळ असतो. मळका, आजारी किंवा झोंबणारा रंग मात्र त्या वेळी रोज डोळ्यांसमोर येतो, आणि ती वेळ तुमच्या बसण्याची असेल तर तो सहन होत नाही.

मधल्या खोलीत हे असं निघतं. हिरवट राखी खिडकीजवळ ठीक, पण समोरच्या गुलाबी भिंतीवरून आलेला उजेड तिच्यातला हिरवा खाऊन टाकतो आणि नुसती राख उरते. आतल्या कोपऱ्यात ती दुपारीही मळकी. मलईवर तोच गुलाबी उजेड पडला की ती किंचित पीचकडे जाते, जे सागवानाशेजारी वाईट दिसत नाही. मलईची वाईट वेळ रात्रीची, ६५०० च्या ट्यूबखाली. ती बल्ब बदलून सुधारते. राखीची दुपार काही केल्या सुधारत नाही. म्हणून मलई, आणि ४००० च्या आतले दिवे.

मांजलपूरच्या हॉलमध्ये उजेडाची टंचाई नाही, त्यामुळे मलईचा उजळपणा तिथे कामाचा नाही. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आणि चकचकीत टाइल्सवरून उसळलेला उजेड मिळून मलईला पिवळीजर्द करतात. हिरवट राखी त्याच वेळी शांत राहते, तिचा हिरवा त्या केशरी उजेडाला तोलून धरतो. तिची वाईट वेळ रात्री ३००० च्या बल्बखाली, आणि ४००० चे दिवे लावून ती जाते. तिथे राखी. दोन खोल्यांची उत्तरं वेगळी निघाली, रंग तेच असून.

एक गैरसमज इथेच दूर करते. "पश्चिमेची खोली तापते, म्हणून थंड रंग" यातला थंडपणा डोळ्यापुरता आहे. आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीचं तापमान जाणवण्याइतकं उतरत नाही. त्यासाठी काचेबाहेर छज्जा किंवा जाड पडदा हवा आणि गच्चीवर पांढरा परावर्तक थर.

दोन्ही रंगांची वाईट वेळ सारखीच सुसह्य निघाली तर व्यवहार पाहा. गडद रंगाला अनेकदा वेगळा बेस (ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग) आणि जास्त स्टेनर (छटेसाठी मिसळायचा दाट रंग) लागतो, तो महाग पडू शकतो. पुढे बदलायचा झाला तर गडदावर फिकट चढवायला जास्त हात लागतात. घरात लहान मुलं असतील तर हातांचे डाग फिकट मलईवर आधी दिसतात आणि घासल्याच्या खुणा गडद मॅटवर. भिंत उंचसखल असेल तर मॅटच घ्या. चकाकी प्रत्येक उंचवटा दाखवते.

रंग आणण्यापूर्वी

भिंत कोरडी आहे ना ते पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सखल भागांतल्या कितीतरी घरांच्या खालच्या भिंती पाण्यात होत्या. अशा भिंतींत मुरलेलं पाणी आणि क्षार वरून सुकल्यासारखे वाटूनही आत राहू शकतात. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस ठेवा. काढताना आतल्या बाजूला दव दिसलं तर रंगाची घाई नको. आधी ओलीचं कारण शोधा. ओल्या भिंतीवर दोन्ही रंग सारखेच पोपडे धरतात.

मग माप. १२ बाय १४ फुटांची, १० फूट उंच खोली घेतली तर भिंतींचा घेर ५२ फूट आणि क्षेत्र ५२० चौरस फूट. एक दार ७ बाय ३ चं (२१) आणि दोन खिडक्या ४ बाय ४ च्या (३२) वजा केल्या की ४६७ उरतात. डब्यावर एका लिटरला दोन हातांत किती चौरस फूट होतात ते लिहिलेलं असतं. समजा १२० लिहिलं आहे, तर जवळजवळ ३.९ लिटर लागेल. ४ लिटरचा डबा आणि वर १ लिटर दुरुस्तीसाठी घ्या. खडबडीत भिंत जास्त पिते, तेही रंगाऱ्याला विचारून धरा.

सगळा रंग एकाच वेळी, एकाच दुकानात, एकाच बॅचचा बनवून घ्या आणि डबे उघडल्यावर एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच वापरा. मशीन सारखंच असलं तरी चार दिवसांनी आणलेला डबा केसभर वेगळा येऊ शकतो, आणि तो केसभर फरक भिंतीच्या मध्यावर दिसतो. कमी पडलाच तर नवा डबा भिंतीच्या मधे सुरू करू नका, कोपऱ्यापासून करा.

काम झाल्यावर उरलेला रंग लहान, काठोकाठ भरणाऱ्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा. डब्यात हवा जितकी कमी, तितका तो टिकतो. बरणीवर कंपनी, रंगाचा नंबर, फिनिश, बेस, बॅच, खोलीचं नाव आणि तारीख लिहा, आणि हीच ओळ एका चिठ्ठीवर लिहून त्या खोलीतल्या माळ्याच्या दाराला आतून चिकटवा.